विश्लेषण : मे महिन्यात लातूरची धावपट्टी कळसूबाईएवढी ‘उंच’ का होते? टर्बो इंजिनाची छोटी विमाने त्यावर उपाय आहेत का?

मे महिन्यातली दुपार. लातूर विमानतळाच्या धावपट्टीवर पारा ४१ अंशांवर आहे. विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण २,०८० फूट. पण त्या दुपारी धावपट्टीवर उभ्या असलेल्या छोट्या विमानाच्या इंजिनाला विचारले, तर ते सांगेल की आपण ५,७०० फुटांवर आहोत. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फुटांचे आहे. म्हणजे विमान जागचे हललेले नसते, तरी इंजिन कळसूबाईच्या माथ्यावरची हवा घेत असते.

नांदेड गोदावरीकाठी आहे, लातूरपेक्षा सखल. तिथला विमानतळ साधारण १,२५० फुटांवर. पण पारा ४३ अंशांवर गेला की तिथलेही गणित ४,९०० फुटांच्या आसपास पोहोचते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. उन्हाळ्यात थंड हवेसाठी आपण महाबळेश्वर गाठतो आणि विमानाला मात्र नांदेडच्या उन्हातच महाबळेश्वरपेक्षा विरळ हवा मिळते. ही गंमत नाही. उड्डाण किती वजन घेऊन करायचे, कधी करायचे आणि करायचे की नाही, हे याच आकड्यावर ठरते. याच अडचणीवर इंजिनाच्या जगात शंभर वर्षांपूर्वी एक उपाय निघाला, तो म्हणजे टर्बोचार्जर. तो काय करतो, कुठे कमी पडतो आणि मराठवाड्याला त्याचा काय उपयोग, हे समजून घेऊ.

जमीन तीच, मग उंची बदलते कशी?

विमानाला फुटांशी देणेघेणे नसते, त्याला हवेच्या दाटपणाशी देणेघेणे असते. वर जावे तशी हवा विरळ होते. पण हवा तापली तरीही ती पसरते आणि विरळ होते. कारण वेगळे असले तरी इंजिनाच्या दृष्टीने परिणाम सारखाच. म्हणून वैमानिक ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणजेच घनता-उंची काढतात. आत्ताची हवा ज्या उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ आहे, ती उंची म्हणजे घनता-उंची.

गणित सोपे आहे. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश मानतात. दर हजार फुटांना ते सुमारे दोन अंशांनी उतरते. म्हणजे लातूरच्या उंचीला ते ११ अंशांच्या आसपास असायला हवे. प्रत्यक्षात ४१ अंश आहे. फरक ३० अंशांचा. प्रत्येक जादा अंशामागे सुमारे १२० फूट धरायचे. तीस गुणिले १२० म्हणजे ३,६०० फूट. त्यात विमानतळाची मूळ उंची मिळवली की ५,७०० फुटांच्या जवळ उत्तर येते. हे ढोबळ सूत्र आहे आणि हवेचा दाब प्रमाण मानून काढलेले आहे. उन्हाळ्यात दाब थोडा कमी असतो, त्यामुळे खरा आकडा थोडा वरच जातो. याच सूत्राने डिसेंबरातल्या पहाटे, पारा ११ अंशांवर असताना, लातूरची घनता-उंची जेमतेम विमानतळाच्या उंचीइतकीच येते.

इंजिनाला धाप का लागते?

पिस्टन इंजिन दुचाकीतले असो, ट्रॅक्टरमधले की विमानातले, त्याचे काम एकच. हवा आत ओढायची, तिच्यात इंधन मिसळायचे, जाळायचे आणि स्फोटाच्या जोरावर पिस्टन ढकलायचा. प्रत्येक फेरीत सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचे आकारमान ठरलेले असते. हवा विरळ असेल तर तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. प्राणवायू कमी म्हणून इंधनही कमी जळते आणि ताकद घटते.

टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची ताकद घनता-उंचीच्या दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी कमी होते. प्रशिक्षणासाठी देशभर वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ विमानाचे इंजिन १८० अश्वशक्तीचे असते. लातूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ते १५० अश्वशक्तीच्या आसपास येते. धावपट्टीवर लागणारे अंतर जवळपास दीडपट होते. नांदेड आणि लातूरच्या धावपट्ट्या दोन किलोमीटरहून लांब आहेत, त्यामुळे अंतराची तितकी चिंता नसते. खरी परीक्षा पुढची असते. जमीन सोडल्यावर विमान किती वेगाने वर चढते? समोर विजेचा मनोरा असेल, झाडी असेल किंवा टेकाड असेल, तर तोच प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. प्रशिक्षणाची उड्डाणे उन्हाळ्यात शक्यतो सकाळी लवकर उरकली जातात, ती केवळ शिकणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून नव्हे.

निलंग्यात काय घडले होते?

हवेचा हा हिशेब लातूर जिल्ह्याने प्रत्यक्ष पाहिला आहे. २५ मे २०१७ रोजी तत्कालीन आणि आताही राज्याच्या राजकारणात अग्रस्थानी असलेले देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री म्हणून निलंगा दौऱ्यावर होते. परतीसाठी हेलिकॉप्टरने उड्डाण केले आणि काही क्षणांतच ते विजेच्या तारांत अडकून खाली कोसळले. आतले सर्वजण बचावले.

पहिल्या काही तासांत वाऱ्याचे कारण पुढे आले. नंतरच्या तपासात त्या दिवशीच्या उष्णतेच्या मानाने हेलिकॉप्टरचे वजन जास्त होते, हा मुद्दा समोर आला. ते हेलिकॉप्टर पिस्टन इंजिनाचे नव्हते, त्याला दोन टर्बाइन इंजिने होती. पण नियम सर्वांना सारखाच आहे. तापलेल्या विरळ हवेत टर्बाइनची ताकदही घटते आणि फिरत्या पात्यांना मिळणारा आधारही. सकाळी गारव्यात जे वजन सहज उचलले जाते, तेच भर दुपारी जड होते.

टर्बोचार्जर नेमके काय करतो?

डिझेल गाडी चालवणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूर गरम आणि जोरदार असतो. साध्या इंजिनात ही ऊर्जा सायलेन्सरमधून वाया जाते. टर्बोचार्जरमध्ये त्या धुराच्या वाटेत एक छोटी चक्री बसवतात. धुराच्या झोताने ती मिनिटाला हजारो फेऱ्यांनी गरगरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी चक्री असते. ती बाहेरची हवा ओढून दाबते आणि दाबलेली हवा इंजिनात ढकलते. बाहेर हवा विरळ असली, तरी सिलिंडरला दाट हवा मिळते.

मग जमिनीजवळ, जिथे हवा आधीच दाट आहे, तिथे दाब प्रमाणाबाहेर जाणार नाही का? त्यासाठी ‘वेस्टगेट’ नावाची झडप असते. खाली असताना ती बराचसा धूर चक्रीला टाळून बाहेर सोडते. विमान वर चढेल तशी ती बंद होत जाते आणि अधिकाधिक धूर चक्रीवर येतो. एका उंचीला ती पूर्ण बंद होते. तिथपर्यंत इंजिन आपली पूर्ण ताकद टिकवून धरते. त्या उंचीला ‘क्रिटिकल अल्टिट्यूड’ म्हणतात. त्यानंतर टर्बोलाही धाप लागू लागते.

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. विमानाच्या इंजिनावर ती उंचीत चालते का, याची गाजलेली चाचणी १९१८ मध्ये अमेरिकेत झाली. जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी बनावटीचे ३५० अश्वशक्तीचे इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या शिखरावर नेले. टर्बोशिवाय तिथे इंजिनाने सुमारे २३० अश्वशक्ती दिली. टर्बो जोडल्यावर ३५० चा आकडा पुन्हा गाठला. विमान उडवण्याआधी इंजिनच डोंगरावर नेऊन केलेला हा प्रयोग आजही अभियांत्रिकीच्या वर्गात सांगण्याजोगा आहे.

टर्बोचार्ज्ड आणि टर्बोप्रॉप एकच का?

नाही, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

• टर्बोचार्ज्ड पिस्टन : गाडीसारखे पिस्टन इंजिन, त्याला धुरावर चालणारा हवा-पंप जोडलेला. छोटी, चार ते सहा आसनी विमाने.

• टर्बोप्रॉप : यात पिस्टन नसतोच. जेटसारखी टर्बाइन पंखा फिरवते. ‘उडान’ योजनेत २०१७ मध्ये नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली तेव्हा आलेली एटीआर विमाने या जातीची.

• सुपरचार्जर : काम टर्बोसारखेच, हवा दाबण्याचे. पण तो धुरावर नाही, तर इंजिनाच्याच दांड्यावरून गिअरने फिरतो. म्हणजे ताकद मिळवण्यासाठी आधी थोडी ताकद खर्च करावी लागते.

उंचीवर काम करणारे असे विमान कोणते?

या वर्गातले सर्वांत परिचित नाव म्हणजे सेस्ना २०६. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात बनणारे हे एकाच इंजिनाचे, वरती पंख असलेले विमान १९६४ पासून बाजारात आहे. १९८६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि १९९८ मध्ये पुन्हा सुरू झाले. सहा आसने, बाजूला रुंद दुहेरी दरवाजा आणि कच्च्या धावपट्टीवरही चालणारी मजबूत चाके. आसने काढली की ते मालवाहू होते. स्ट्रेचर ठेवले की रुग्णवाहिका, पोटाला कॅमेरा बसवला की सर्वेक्षणाचे विमान, तरंड लावले की पाण्यावर उतरणारे. विमानांच्या दुनियेतला हा पिकअप टेम्पोच म्हणायला हरकत नाही.

या विमानाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की टर्बोचा फरक चटकन कळतो.

• साधे इंजिन (२०६ एच) : ३०० अश्वशक्ती, कमाल कार्यकारी उंची १५,७०० फूट.

• टर्बो इंजिन (टी २०६ एच) : ३१० अश्वशक्ती, कमाल कार्यकारी उंची २६,००० फूट.

ताकदीत फरक अवघा दहा अश्वशक्तीचा, पण उंचीत दहा हजार फुटांचा. १८ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. तिथे साध्या इंजिनाची निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते. टर्बोचे मात्र बरेचसे बळ शाबूत असते.

आता हेच लातूरला लावून पाहू. मे महिन्यातल्या दुपारी साधे ३०० अश्वशक्तीचे इंजिन २५० च्या आसपास येईल. टर्बो इंजिनालाही उष्णतेचा थोडा फटका बसेल, पण ते आपल्या पूर्ण ताकदीच्या बरेच जवळ राहील. सहा माणसे किंवा एक रुग्ण, परिचारिका आणि प्राणवायूचे सिलिंडर घेऊन उडायचे असेल, तर हा पन्नास-साठ अश्वशक्तीचा फरक मोठा आहे. म्हणजे टर्बो फक्त हिमालयासाठी असतो असे नाही. उन्हाने ‘उंच’ केलेल्या पठारालाही तो लागू पडतो.

पिस्टन इंजिनाचे विमान किती उंच उतरले आहे?

याचे उत्तर आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये आहे. १९६० मध्ये धौलागिरी शिखरावर पहिली यशस्वी चढाई करणाऱ्या स्विस मोहिमेने माणसे आणि सामान वर नेण्यासाठी पिलाटस पोर्टर जातीचे विमान वापरले. एकच पिस्टन इंजिन, ३४० अश्वशक्तीचे, सुपरचार्जर लावलेले. चाकांना बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या. विमानाचे नाव ठेवले होते ‘येती’. हे विमान सुमारे ५,७५० मीटरवर, म्हणजे १८,८०० फुटांहून अधिक उंचीवरच्या हिमनदीवर उतरले. पंख असलेल्या विमानाच्या सर्वांत उंच उतरणीचा विक्रम म्हणून त्याची नोंद झाली.

पण कथेचा शेवटही सांगायला हवा. शिखर सर होण्याच्या काही दिवस आधी हेच विमान डोंगरात कोसळले. दोन्ही वैमानिक वाचले आणि पायी खाली आले. पुढच्याच वर्षी या विमानाची टर्बोप्रॉप आवृत्ती आली आणि नंतर तीच जगभर वापरली गेली. उंचीवरच्या कामात पिस्टन इंजिनाची मर्यादा उत्पादकांनीही ओळखली होती.

म्हणजे टर्बो लावला की सगळे प्रश्न सुटतात?

नाही. टर्बो फक्त इंजिनाचा श्वास सुधारतो. बाकी विमान विरळ हवेतच असते. त्यामुळे पाच गोष्टी विसरून चालत नाही.

पंख : पंखांना दाट हवा देणारा कोणताही पंप नाही. विरळ हवेत तेवढीच उचल मिळवण्यासाठी विमानाला जास्त वेगाने धावावे लागते. लातूरच्या दुपारी हा जादा वेग नऊ-दहा टक्क्यांचा असतो. म्हणून टर्बो असूनही धावपट्टी जास्त लागतेच.

माणूस : सेस्ना २०६ ची केबिन हवाबंद नसते. विमान २५ हजार फुटांवर गेले आणि प्राणवायूचा मास्क निसटला, तर शहाणपणाने निर्णय घेण्यासाठी माणसाच्या हातात तीन ते पाच मिनिटेच असतात. साधारण दहा हजार फुटांच्या वर बराच वेळ राहायचे असेल, तर वैमानिकाने प्राणवायू घेणे आवश्यक ठरते. इंजिनाला श्वास मिळाला तरी माणसाचे काय, हा प्रश्न टर्बोने सुटत नाही.

उष्णता : हवा दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते, तसेच. तापलेली हवा पुन्हा विरळ होते आणि इंजिनात अवेळी स्फोट होण्याचा धोका वाढतो. म्हणून अनेक इंजिनांत दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लावतात. टर्बोच्या चक्रीवर येणारा धूर ९०० अंशांच्या आसपास असू शकतो. बाहेर ४३ अंश असताना हे सगळे थंड ठेवणे हेच एक काम होऊन बसते.

हाताळणी : लांबचा प्रवास करून आल्यावर जुने ड्रायव्हर डिझेल गाडी लगेच बंद करत नाहीत, मिनिटभर चालू ठेवतात. विमानातही तेच. उतरल्यावर टर्बोला काही मिनिटे शांत होऊ द्यावे लागते, नाहीतर त्याच्या बेअरिंगमधले तेल जळते. वरून खाली येतानाही एकदम ताकद कमी केली, तर तापलेले सिलिंडर झपाट्याने थंड होऊन त्यांना तडे जाण्याची भीती असते.

खर्च : जास्त भाग, जास्त ताप, म्हणून देखभालही जास्त. साध्या इंजिनाच्या तुलनेत टर्बो इंजिनाचे सिलिंडर लवकर हात देण्याची शक्यता अधिक.

मराठवाड्याच्या ढगांसाठी असे विमान चालेल का?

मराठवाड्यात विमान आणि दुष्काळ यांचे नाते कृत्रिम पावसाने जोडले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन औरंगाबादहून ढगांत रसायन पेरण्याची उड्डाणे झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१९ मध्ये पुन्हा ढगांत पेरणी झाली. दर वेळी एक प्रश्न निघतो. इतकी महागडी विमाने कशाला, छोटे विमान नाही का चालणार?

आकडे पाहिले तर चालेल असे वाटते. पावसाळ्यात आपल्याकडे गोठणबिंदूची पातळी साधारण १६ ते १७ हजार फुटांवर असते. सिल्व्हर आयोडाइड काम करते ते त्याहून वरच्या, उणे पाच अंशांखालच्या थरात. म्हणजे १९-२० हजार फूट. टर्बो सेस्नाची मर्यादा २६ हजारांची. पण तीन अडचणी आहेत.

पहिली, बर्फ. गोठणबिंदूखालच्या ढगातले पाणी पंखांवर आदळले की बर्फ धरते. पंखांचा आकार बिघडतो, वजन वाढते. बर्फ हटवण्याची पूर्ण यंत्रणा नसलेल्या छोट्या विमानासाठी ही थेट संकटाची गोष्ट आहे. दुसरी, वेळ. हे विमान समुद्रसपाटीला मिनिटाला हजार फुटांच्या आसपास चढते आणि वर जाताना तो वेग घटतो. पेरणीजोगा ढग अर्ध्या तासात वाढून विरूनही जातो. विमान पोहोचेपर्यंत ढग थांबत नाही. तिसरी, इंजिन एकच. पावसाळी ढगांच्या खळबळीत ते बंद पडले, तर दुसरे नाही. म्हणूनच या कामासाठी किंग एअर जातीची, दोन टर्बोप्रॉप इंजिनांची आणि हवाबंद केबिनची विमाने वापरली गेली.

ढगाच्या तळाशी केली जाणारी पेरणी वेगळी. त्यात मिठासारख्या क्षारांच्या नळकांड्या जाळून कण सोडतात आणि त्यासाठी एवढी उंची लागत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात २०१८ आणि २०१९ मध्ये याच पद्धतीचा शास्त्रीय प्रयोग केला. पेरणीमुळे सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पावसात जवळपास १८ टक्के वाढ दिसली, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे. त्यासाठी ढग मात्र मुळात असावा लागतो. कोरड्या आकाशात कोणतेही इंजिन पाऊस पाडत नाही.

इंधनाचा पेच काय आहे?

छोट्या विमानांचा मोठा अडथळा अनेकदा इंजिन नसून टाकी असते. सेस्ना २०६ सारखी विमाने ‘अॅव्हगॅस’ या खास पेट्रोलवर चालतात. मोठी विमाने ज्यावर चालतात ते रॉकेलच्या जातीचे विमान इंधन त्यांना चालत नाही. भारत हे अॅव्हगॅस पूर्णपणे आयात करत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने गुजरातमधल्या वडोदरा रिफायनरीत तयार झालेले देशी अॅव्हगॅस बाजारात आणले. तरीही ते प्रत्येक लहान विमानतळावर मिळेलच असे नाही. उतरल्यावर परत जायला इंधन नसेल, तर विमान कितीही मजबूत असून काय उपयोग?

यावर एक वाट निघाली आहे, डिझेल तत्त्वावर चालणाऱ्या टर्बो इंजिनांची. ऑस्ट्रियाच्या डायमंड डीए ४० विमानाच्या ‘एनजी’ आवृत्तीत १६८ अश्वशक्तीचे असे इंजिन आहे. त्याचे मूळ मर्सिडीजच्या मोटारीतल्या दोन लिटरच्या डिझेल इंजिनात आहे. ते मोठ्या विमानांच्याच इंधनावर चालते, टर्बो असल्याने उन्हाळ्यात कमी थकते आणि इंधनही कमी पिते. चार आसनी विमान असल्याने मालवाहतुकीला ते पुरत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

राज्यात छोटी विमाने कुठे आहेत?

बारामती, गोंदिया, धुळे, अमरावती ही नावे आता वैमानिक प्रशिक्षणाशी जोडली गेली आहेत. विमान बनवण्याचे स्वप्नही इथे पाहिले गेले. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर एका पंख्याचे सहा आसनी विमान बांधले. आकाराने ते सेस्ना २०६ च्याच पंगतीतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या विमानतळावर त्याने चाचणी उड्डाण केले. गच्चीवरून धावपट्टीपर्यंतच्या या प्रवासाला कित्येक वर्षे लागली. विमान बांधण्यापेक्षा ते सुरक्षित आहे हे सिद्ध करणे अवघड असते, हेच त्यातून दिसते.

मग नांदेड–लातूरला याचा उपयोग काय?

नांदेडची धावपट्टी २००८ च्या गुरुता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने मोठी झाली. लातूरचीही जेट उतरण्याजोगी आहे. मोठ्या विमानाला मोठी प्रवासीसंख्या लागते, ती मिळाली नाही की सेवा बंद पडते आणि धावपट्टी रिकामी राहते. छोट्या, कमी खर्चाच्या विमानांचा विचार इथूनच सुरू होतो. पिकांचे आणि जमिनीचे हवाई सर्वेक्षण, तातडीची औषधे, प्रत्यारोपणासाठीचे अवयव, दिवसा आणि स्वच्छ हवेत रुग्णांची ने-आण, ही कामे असे विमान करू शकते. नांदेडहून हैदराबाद सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडणाऱ्या विमानाला ते तासाभराचे अंतर.

मात्र अपेक्षा मोजूनमापून ठेवायला हवी. पावसाळी ढगांतून, रात्री, एकाच पिस्टन इंजिनावर प्रवासी नेणे ही जोखीम आहे आणि त्यावरचे नियम कडक आहेत ते योग्यच. गंभीर रुग्णाला हवाबंद केबिन लागत असेल, तर हे विमान त्याच्या कामाचे नाही.

थोडक्यात

• उन्हाने तापलेली हवा विरळ होते. मे महिन्यात लातूरची धावपट्टी इंजिनाच्या दृष्टीने कळसूबाईच्या, तर नांदेडची महाबळेश्वरच्या वर जाते.

• साध्या इंजिनाची ताकद त्यामुळे १५ ते १७ टक्क्यांनी घटू शकते. टर्बोचार्जर वाया जाणाऱ्या धुरावर हवा दाबून ती घट बरीचशी भरून काढतो.

• टर्बो इंजिनाला वाचवतो, पंखांना आणि माणसाला नाही. वजन, वेळ आणि प्राणवायू यांचा हिशेब करावाच लागतो.

• ढगांत पेरणीसाठी छोटे एक-इंजिनी विमान उंची गाठेल, पण बर्फापुढे आणि वेळेपुढे टिकणार नाही.

पुढच्या मे महिन्यात एखाद्या सभेसाठी आलेले हेलिकॉप्टर ‘थोडा वेळ थांबा, दोन माणसे कमी करा’ म्हणून खोळंबले, तर वैमानिक उगाच ताणून धरतोय असे समजू नका. तो बहुधा हातातल्या तक्त्यावर पारा, उंची आणि वजन जुळवून पाहत असतो. ते जुळले नाही, तर थांबणेच शहाणपणाचे.